सर्वानुमते मंजूर

आमच्या गावची ग्रामसभा बरीच वर्षं माझ्या काखेतल्या पिशवीत भरत होती. ग्रामसेवक पायथ्यापर्यंत मोटारसायकलने यायचा, वरचा चढ बघूनच त्याला धाप लागायची, आणि सभेची वही माझ्या हातात देऊन तो पोलादपूरला परत फिरायचा. ती वही घेऊन मी एकेक वाडी पालथी घालायचो. कोणी नाचणी झोडत असायचा, कोणी गोठा साफ करत असायचा. मी पेन पुढे करायचो, तो हात धोतराला पुसून सही करायचा. सह्यांच्या वर आधीच लिहिलेलं असायचं : 'साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' लाज वाटण्याऐवजी मला त्याचा तोरा होता. बिरवाडीत खोली घेऊन कंपनीत पाळ्या करणारा मी साधा कामगार, पण सुट्टीला वर गेलो की गावकीचा चिटणीस.

गावकी म्हणजे गावातल्या पुरुषांची बैठक, घरटी एक माणूस. सरकारी कागदात ती कुठेच नाही आणि गावात ती नाही अशी जागा नाही. लग्न, मयत, पालखी, बांधाचं भांडण, सगळं देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, बसून ठरायचं. सरपंच कोण होणार तेही तिथेच. मुंबईकर मंडळाचे चार जण यायचे, गावकीचे अध्यक्ष नारळ पुढे ठेवायचे, एक नाव निघायचं आणि तेवढाच एक फॉर्म तहसीलला जायचा. निवडणूक बिनविरोध झाली की पेपरात कौतुक छापून यायचं. गाव करी ते राव न करी, असं आम्ही एकमेकांना ऐकवायचो.

त्या वहीवर सही करायला पहिल्यांदा नकार दिला तो माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने. तिला एक वाईट खोड होती. हातात आलेला प्रत्येक कागद ती वाचायची, भजी बांधून आलेला सुद्धा. त्या दिवशी ती झऱ्यावरून हंडा घेऊन येत होती आणि मी वाटेतच वही पुढे केली. तिने हंडा खाली ठेवला आणि ठराव वाचला. नळपाणी योजना पूर्ण होऊन वाड्यांना पाणी सुरळीत मिळत असल्याबद्दलचा तो ठराव होता.

"भावजी, ही सभा कवा भरली?"

"आत्ताच भरलीय. तुमची सही झाली की संपेल," मी म्हणालो. बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसले.

"मग माझं म्हणणं लिवा त्यात. नळाला पाणी नाय."

तिने हंडा उचलला आणि ती गेली. ते दोघे-तिघे आता मला हसत होते. तिची सही त्या दिवशी मीच ठोकली, पण हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ पाण्यात आहे असं लोक म्हणतात. माझ्यापुरतं विचाराल तर ते त्या हसण्यात आहे.

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. गावकीने अध्यक्षांच्या पुतण्याची बायको ठरवली. ती मुंबईत राहायची, गणपतीला आणि शिमग्याला तोंड दाखवायची. कारभार अध्यक्ष बघणार होते, सह्या कोणीतरी करणार होतं. फॉर्म भरायची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी बिनविरोधचा नारळ फोडायला आम्ही सहाणेवर जमलो. एकेकाने उठून नारळावर हात ठेवायचा आणि 'गावाबाहेर जाणार नाय' म्हणायचं, अशी रीत. दादाची पाळी आली. तो उठला, पण हात खाली ठेवूनच बोलला.

"माझ्या घरातनं पण फारम गेलाय. तिनं भरलाय."

अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "चिटणीस, गाव मागनं सांभाळा. आधी आपलं घर सांभाळा." मी उठलो आणि दादाच्या कानाखाली वाजवली. ज्याने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याला मी देवासमोर, साठ-सत्तर पुरुषांसमोर मारलं. तो डगमगला, सावरला, टोपी उचलून झटकली आणि घरी गेला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आता फॉर्म मागे घेतील.

फॉर्म मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत वेळ होती. वहिनीने पोलादपूरला जाऊन अर्जावर सही केली की काम संपणार होतं. गावातून खाली पोचायला जीपने तास लागतो. सकाळी दहाला आम्ही दहा-बारा जण जीप घेऊन दादाच्या दारात गेलो. घर वाडीच्या टोकाला, कौलारू, पुढे पडवी. दादा दारात उभा होता. दोन्ही हातांनी त्याने दोन्हीकडची चौकट धरली होती. मागे माजघराच्या दाराला पाठ लावून वहिनी उभी होती.

"दादा, बाजूला हो. वहिनींना खाली नेऊन आणतो. गावाचा प्रश्न हाय," मी म्हणालो.

"ती नाय म्हणते."

"तू सांग ना तिला. नवरा हायस ना?"

"मी पण नाय म्हणतो."

मग सुरुवात झाली. कोणीतरी त्याचा सदरा धरून ओढला, तो फाटून हातात आला. कोणी पोटात लाथ मारली. तो वाकला, पण चौकट सोडली नाही. मागून दगड येऊ लागले. कौलं फुटली आणि एक तुकडा त्याच्या डोक्यावर पडून रक्त डाव्या डोळ्यात उतरलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. अध्यक्ष जीपमध्ये बसून राहिले होते. खाली उतरून ते मला एवढंच म्हणाले, "तुमचा भाऊ हाय म्हणून पोरं हात आखडतात. उद्या गाव काय म्हणेल?" त्याचा अर्थ मला चांगला कळला. दादाला मी मोडलं नाही तर दादाबरोबर मीही वाळीत. माझ्या पोरीचं लग्न ठरत आलं होतं. भीती आणि राग एकत्र झाले की माणूस स्वतःला शूर समजतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पडवीत कुऱ्हाडीचा नवा दांडा भिंतीला टेकवलेला होता. दादानेच तासून, तेल लावून ठेवला होता. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण शाळेत आम्हाला वाक्यात उपयोग करा म्हणून यायची. मी तिचा उपयोग असा केला. पहिला फटका मांडीवर मारला, दुसरा खांद्यावर. तो माझ्याकडे उघड्या डोळ्याने बघत होता आणि ते मला सहन होत नव्हतं. तिसरा मी चौकट धरलेल्या उजव्या हाताच्या कोपरावर घातला. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. हात चौकटीवरून सुटला आणि भलतीकडेच वळून लोंबू लागला.

दादा ओरडला नाही. त्याने डावा हात अजून घट्ट धरला आणि उजवीकडची जागा खांद्याने अडवली.

"ह्यांना मारून माझी सही होणार नाय, भावजी," वहिनी आतून म्हणाली. शब्द एकेक सुटा होता. "तुमचं झालं की सांगा. मला ह्यांना डाक्टरकडे न्यायचंय."

आणखी चार जणांनी हात साफ करून घेतला. अडीचच्या सुमाराला जीपवाल्याने हॉर्न दिला आणि म्हणाला, आता उडत गेलो तरी पोचत नाय. तेव्हा कुठे आम्ही थांबलो आणि अंगणात खाली बसलो. कष्टाचं काम केल्यासारखे सगळे घामाघूम झाले होते. आमच्यातला एक, सवयीने, दाराकडे बघून म्हणाला, "वहिनी, जरा पाणी द्या."

"नळाला येईल तवा देईन," ती म्हणाली.

वाळीत टाकलेल्या माणसाला कोणी गाडी देत नाही. दादाचा हात लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधून ती त्याला घेऊन सहा किलोमीटर उतरली आणि रस्त्यावरून एसटीने महाडला गेली. वाडीतले लोक आपापल्या पडव्यांतून बघत होते. मीही बघत होतो.

नंतरचे दिवस त्या दोघांना गिरण बंद, दुकान बंद. त्यांच्याशी बोलेल त्याला दंड. भर दुपारी त्यांची पेंढ्याची उडवी पेटवली. काडी दुसऱ्याने ओढली, काडेपेटी माझी होती. म्हैस दाव्याला हिसके देऊन हंबरत होती आणि वहिनी एकटी हंड्यातलं पाणी आगीवर फेकत होती. शंभर माणसांच्या वाडीत एक हंडा पुढे आला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी आठवली की मला अजून हसू येतं आणि घामही फुटतो. मतदानाच्या आधी अध्यक्षांनी पुन्हा सगळ्यांना सहाणेवर बोलावलं. नारळ, भंडारा, दिवा. गावकीच्या उमेदवारालाच मत देईन अशी शपथ एकेकाने घ्यायची. कोणी सुटू नये म्हणून मी यादी घेऊन खुणा करत होतो. मुंबईहून आलेलेसुद्धा रांगेत होते. एकही पुरुष सुटला नाही. पण सहाणेवर बायका चढत नाहीत. ही रीत इतकी जुनी की मतदार यादीत बायका पुरुषांहून जास्त आहेत आणि शपथ अर्ध्याही गावाची झालेली नाही, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बायका खाली मोठ्या चुलीवर आमच्यासाठी भात शिजवत होत्या. एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "आणि बायामाणसांचं?" त्यावर अध्यक्ष म्हणाले, "आपल्या दाव्याची म्हस दुसऱ्याच्या गोठ्यात जाते काय?" सगळे हसले. मी यादी घडी करून खिशात ठेवली.

मतदानाला बायकोला मी स्वतः शाळेच्या दारापर्यंत सोडलं आणि कितव्या नंबरचं बटण दाबायचं ते दोनदा सांगितलं. तिने मान हलवली. ती नेहमीच मान हलवते.

मोजणी पोलादपूरला होती. आम्ही गुलालाची पोती आणि ढोल घेऊन गेलो होतो. निकाल लागला तेव्हा साहेबांनी आकडा परत वाचावा म्हणून अध्यक्षांनी अर्ज दिला. तो परत वाचला. वहिनी निवडून आली होती, आणि काठावर नव्हे. पुरुषांनी शपथ पाळली होती. मतं कुठून आली हे कळायला आम्हाला जीप अर्धा घाट चढेपर्यंत वेळ लागला.

त्या दुपारी आमच्या गावात जे झालं ते मी आजवर सविस्तर कुणाला सांगितलेलं नाही. जीपमधून उतरून प्रत्येक जण आपापल्या घरात शिरला. मी माझ्या घरात शिरलो. बायको तांदूळ निवडत होती. मी सूप लाथेने उडवलं आणि विचारलं, "कुणाला दिलंस?" ती म्हणाली, "तुमी सांगितलं तिलाच." मी कमरेचा पट्टा काढला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. तिची पाठ फुटेपर्यंत मी विचारत होतो. थांबलो तेव्हा शेजारच्या घरातून तोच प्रश्न ऐकू येत होता, आणि त्याच्या पलीकडच्या घरातूनही. बाईने मत कुणाला दिलं हे विचारायची मुभा कायद्याने सरकारलाही नाही. आम्ही ते पट्ट्यांनी, काठ्यांनी, एकाने तर उलथण्याने विचारत होतो. त्या दिवशी वाडीत फार थोड्या चुली पेटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बायकांना घेऊन खाली उतरली आणि पोलीस ठाण्यात गेली. अकरा जणी होत्या. माझी बायको त्यांच्यात नव्हती. अध्यक्षांची धाकटी सून होती, एक डोळा सुजून बंद झालेला. बायकांनी आपापल्या नवऱ्यांची तक्रार दिली; वहिनीने दादाच्या मारहाणीची दिली, तिच्यात बारा नावं होती आणि पहिलं माझं होतं. कंपनीच्या गेटवर, पाळी सुटताना, सगळ्या कामगारांसमोर मला गाडीत घातलं. दोन दिवस कोठडीत काढून जामिनावर सुटलो. राग एवढा होता की गजांना डोकं आपटावंसं वाटत होतं. सख्खी वहिनी, आणि दिराचं नाव पहिलं? ती पुढे कोणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं की, "माझ्या घरापास्नं सुरवात नाय केली तर दुसऱ्याच्या घरात कोण ऐकेल?" मला ते नाक वर करून बोलणं वाटलं. आज तसं वाटत नाही. पण तिला मी पूर्ण माफ केलंय असंही नाही, खोटं कशाला लिहू.

सरपंच म्हणून तिने काय केलं? सभेची वही कपाटात कुलपात ठेवली आणि सभा शाळेच्या पडवीत भरवायला लागली. पहिल्या सभेला सहा माणसं होती, त्यातली दोन म्हणजे ती आणि दादा. कोरम नसल्याने तहकूब, असं तिने स्वतः लिहिलं. ग्रामसेवक म्हणाला, ताई, सह्या गोळा करून घेऊ. ती म्हणाली, नको. पुढे हळूहळू बायका यायला लागल्या. एका वर्षाने दोन वाड्यांना पाणी आलं. तिसऱ्या वाडीला अजून नाही.

केस उभी राहायला तीन वर्षं गेली. तारीख जवळ आली तेव्हा कळलं की दादा दर रविवारी महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर हात शेकायला येतो. मी गेलो. तो कुंडाच्या कडेला बसला होता, उजवा हात पाण्यात. कोपरापासून तो हात वाकलेलाच राहिला होता. नांगराची मूठ त्यात मावत नव्हती.

"दुखतो काय रे?"

"थंडीत." हात पाण्यात आणखी बुडवत तो म्हणाला, "मी सांगणार हाय, गर्दीत कुणी मारलं ते दिसलं नाय."

"आणि वहिनी?"

"ती खरं तेच सांगंल. तिला कोण अडवणार? पण मी नाय तुझं नाव घेणार. आई गेली तवा तुला माझ्या पदरात टाकून गेली."

मला आनंद झाला. त्या मोडक्या हाताकडे बघत मला आनंद झाला. मी त्याला चहा पाजला, आणि तो प्यायला.

कोर्टात सगळं त्याने म्हटल्याप्रमाणे झालं. दादा पिंजऱ्यात उभा राहिला, वाकडा हात पाठीमागे लपवून, आणि म्हणाला की गर्दी होती, कुणी मारलं दिसलं नाही. मग वहिनीने माझ्याकडे बोट केलं, दांडा सांगितला, तिसरा फटका सांगितला. आमच्या वकिलाने विचारलं, "ज्याचा हात मोडला त्यालाच दिसलं नाही आणि तुम्हाला दिसलं? दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, ताई." ती म्हणाली, "हात ह्यांचा मोडला होता. माझे डोळे शाबूत होते." तिने दादाकडे बघितलं. दादा आपल्या चपलांकडे बघत होता. संशयाचा फायदा मिळून मी सुटलो. माझ्या मागचे सगळेच सुटले. एका वाक्याने तिथे न्याय झाला असता आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं.

बाहेर गावकीने मला हार घातला. अध्यक्ष म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. रक्ताचं नातं खोटं ठरत नाय." वहिनी गर्दीतून सरळ माझ्यापाशी आली.

"भावजी, तुमी सुटलात. बरं झालं. आता बायांनी सभेत तोंड कुणाच्या भरवशावर उघडायचं?"

अध्यक्षांच्या धाकट्या सुनेने नवऱ्यावरची आपली तक्रार त्याच आठवड्यात मागे घेतली. नवरा वहिनीला ऐकू जाईल असं म्हणाला होता की, कोर्टात काय होतं ते बघितलं ना सगळ्यांनी?

दीड महिन्याने, पाळी संपवून मी बिरवाडीला खोलीवर जेवत होतो तेव्हा दादाचा फोन आला. वहिनी कुणाला तरी घेऊन महाडला दवाखान्यात येतेय, रक्त लागलं तर बघ, एवढंच तो बोलला. मी गेलो. जीपमधून वहिनीने उतरवली ती अध्यक्षांची सून. तोंडाला टॉवेल होता आणि तो भिजून लाल झाला होता. ओठ नाकापर्यंत फाटलेला, पुढचे दोन दात पडलेले. सकाळच्या ग्रामसभेत ती उभी राहिली होती. तिसऱ्या वाडीची पाइपलाइन कुणाच्या शेतात वळवली ते तिने विचारलं होतं. वळवलेली होती तिच्या सासऱ्याच्या शेतात. घरी गेल्यावर नवऱ्याने पाट्यावरच्या वरवंट्याने तिचं तोंड बंद केलं.

टाके घालून झाल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. ती जबाब द्यायला तयार होईना. वहिनीने समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. शेवटी ती टाक्यांतून पुटपुटली, "कशाला? सख्ख्या भावानं नाव नाय घेतलं. माझं कोण ऐकतंय?" आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी हवालदारापुढे गेलो आणि म्हणालो, "साहेब, आधी माझा जबाब लिहा. माझ्या भावाचा हात मी मोडला. कुऱ्हाडीच्या दांड्याने, दारात, मी. उडवी जाळली तेव्हा काडेपेटी माझी होती. बायकोची पाठ मी फोडली." बोलताना माझा आवाज चढत गेला, बाजूच्या खाटांवरचे लोक उठून बसले. वहिनी जागची हलली नाही.

हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग पेन कानावर अडकवलं आणि म्हणाला, "भाऊ, हाताच्या केसचा निकाल लागला ना? त्या गुन्ह्यासाठी तुम्हाला आता परत कोणी धरू शकत नाही. कायद्याने तुम्ही निर्दोष आहात. घरी जा."

मी तिथेच उभा राहिलो. खरं बोलायला एवढी वर्षं लावली, आणि बोललो तेव्हा त्याची कुणाला गरज उरली नव्हती. हवालदार कागद आवरू लागला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "माझं लिवा."

हवालदार परत बसला. गाव लिहिलं, वय लिहिलं. मग त्याने विचारलं, "मारणाऱ्याचं नाव?" वहिनी सांगायला पुढे झाली, कारण आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच, तेही आढेवेढे घेऊन. रेशनच्या दुकानात, शाळेच्या दाखल्यावर, कुठेही विचारलं तर शेजारणीला पुढे करते. खाटेवरच्या बाईने वहिनीला हाताने थांबवलं. मग तिने टाके घातलेल्या ओठांनी नवऱ्याचं नाव घेतलं, त्यापुढे सासऱ्याचं आणि मग आडनाव. हवालदाराला ते नीट कळलं नाही. तिने टॉवेलने ओठावरचं रक्त टिपलं आणि पूर्ण नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याचं लिहून होईपर्यंत.